पेंढ्यावरची झोप

लग्नानंतर दीड महिन्यानं, पौषातल्या एका दुपारी, मी लोणावळ्यात एका परक्या गवळ्याच्या गोठ्यात गाढ झोपले होते... परवा नातीला हे सांगितलं तर ती हसतच सुटली. म्हटलं, नीट लिहूनच काढावं.

साल असेल अडुसष्ट-एकोणसत्तर. माझं माहेर औंढे, लोणावळ्याच्या अगदी जवळ. घरची भातशेती, आंबेमोहोराची. मळणी झाली की आई घरात नवा पेंढा पसरायची, त्यावर गोणपाट, त्यावर घोंगडी, आणि आम्ही भावंडं ओळीनं.

थंडी कितीही असो, खालून ऊब यायची. कूस बदलली की पेंढा कुरकुरायचा आणि नव्या भाताचा वास यायचा. झोप म्हणजे हेच, दुसरं काही मला माहीतच नव्हतं.

सासर लोणावळ्यात. यांची रेल्वेत नोकरी, दोन खोल्यांचं फरशीचं घर, आणि लग्नासाठी पिंजाऱ्याकडून मुद्दाम भरून घेतलेली कापसाची गादी. यांना त्या गादीचं केवढं कौतुक! मला मात्र तिच्यावर पडलं की आपण कशात तरी बुडतोय असं वाटायचं. डोळा लागायचाच नाही.

नवं घर आहे, होईल सवय... असं म्हणता म्हणता आठवडे गेले. भाकरी थापता थापता डुलकी यायची, एकदा हात तव्यावरच टेकला. डॉक्टरांनी टॉनिक दिलं. शेजारच्या बायका कुजबुजायला लागल्या, काही बाहेरचं तर नसेल ना... शेवटी मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, माझ्या वडिलांना निरोप धाडला. मुलीला बरं वाटेपर्यंत घेऊन जा.

आमच्या गावात एक मुलगी अशीच ‘बरं वाटेपर्यंत’ आली होती. तिला न्यायला पुन्हा कुणी आलंच नाही.

मग सांगितलं का नाही? लाज, दुसरं काय! फरशीच्या घरात येऊन मला पेंढा हवाय, हे कोणत्या तोंडानं सांगणार? निघताना आईनंच बजावलं होतं, तिथं गावंढळपणा करू नकोस.

वडील दुसऱ्या दिवशी येणार होते. दुपारी आत्याबाईंनी मला दूध आणायला पाठवलं... सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. गवळ्याच्या गोठ्यात नुकताच गाडीभर पेंढा उतरला होता. तो वास आला आणि माझे पाय तिथंच थांबले.

गवळीण धार काढायला आत गेली. म्हटलं, ती येईपर्यंत दोन मिनिटं टेकावं. पुढचं मला काहीच आठवत नाही.

घरी मात्र हलकल्लोळ. हे ड्युटीवर, मामंजी मला शोधत स्टेशनपर्यंत जाऊन आले. मी विहिरीत उडी मारली असेल, इथपर्यंत लोकांची मजल गेली होती म्हणे! इतक्यात गवळीणच दारात आली. “मावशी, तुमची सून आमच्या गोठ्यात झोपलीया. लय गाढ झोपलीया, उठवू वाटंना.”

मला जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. डोक्यावर कुणाचा तरी हात होता. बघते तर आत्याबाई शेजारी पेंढ्यात बसलेल्या! मला रडूच कोसळलं. एका दमात सगळं सांगून टाकलं आणि मान खाली घालून बसले.

त्यांनी मूठभर पेंढा उचलला, नाकाशी नेला.

“आंबेमोहोर हाय,” म्हणाल्या. मग तो पेंढा हातात चोळत, “मी पवन मावळातली, भाताच्या गावातली. हितं आले तवा चार महिनं डोळ्याला डोळा लागला न्हवता. कुणाला बोलले न्हाई बघ.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय... पडायची सवय झाली. झोप म्हनावी तशी अजून न्हाई.”

त्यांच्या लग्नाला तीस वर्षं झाली होती! आणि आत्याबाई चक्क माझ्या शेजारी आडव्या झाल्या. “घटकाभर पड. तुझे मामंजी थांबतील तवर.”

दुसऱ्या दिवशी वडील आले, ते मला न घेताच परत गेले. चार दिवसांनी औंढ्याहून बैलगाडी भरून पेंढा आला. गादी माळ्यावर गेली आणि घरात दोन ठिकाणी पेंढा पसरला गेला... एक आमचा, एक आत्याबाईंचा. हे थोडे कुरकुरले, पण आठवड्यात तेही घोरायला लागले.

पुढं काही वर्षांनी पवना नदीवर धरण झालं आणि आत्याबाईंचं माहेर पाण्याखाली गेलं. घर, खळं, शेत, सगळं. त्या रडल्या नाहीत. दोन दिवस जेवल्या मात्र नाहीत.

त्या वर्षी मळणीनंतर मी औंढ्याला निघाले, तर त्या पिशवी घेऊन दारात उभ्या. “मी बी येऊ का गं?”

सासूनं सुनेच्या माहेरी राहायला जायचं, अशी रीत कुठं होती तेव्हा? मामंजी रागावले, शेजारी हसले. आम्ही दोघी निघालो. आईनं नवा पेंढा पसरला आणि आमची अंथरुणं शेजारी शेजारी घातली. सकाळी ऊन अंगावर आलं तरी आत्याबाई उठल्या नव्हत्या... आईनं कुणाला त्यांना हाक मारू दिली नाही.

मग हातपाय चालत होते तोवर दरवर्षी त्या आल्या. आज आत्याबाई नाहीत, आई नाही, आमच्या शेताच्या जागी बंगले उभे आहेत. मळणीचे दिवस आले की जीव कासावीस होतो... जायचं कुठं?

पण एक समाधान आहे. माहेर एकच होतं, ते आम्हा दोघींना पुरलं.