मामाच्या मांडीवर

जावळ काढताना मूल मामाच्या मांडीवर बसवतात. आमच्या गावी बसवतात तसंच ताईच्या सासरीही. तिच्या सासरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या तंजावूरकडचे मराठी. दाजींच्या चुलतभावाच्या मुलाने म्हणे मामाच्या मांडीवर इतका आकांत केला की शेवटी त्याला आजोबांकडे द्यावं लागलं. त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली, पण घरात कार्य निघालं की अजून कुणीतरी ती काढतंच, आणि त्या मुलाची आई खाली मान घालून बसते. ताईने मला हे तीनदा ऐकवलं होतं.

"आपल्याकडून तू एकटाच आहेस," ती म्हणाली. "तो तुझ्याकडे शांत बसला पाहिजे. बाकी काही नको मला."

वडील साखर कारखान्यात आणि ऐन हंगाम. आईने एकटीने एवढ्या लांब येणं शक्य नव्हतं. मी चेन्नईतच हॉस्टेलवर राहून इंजिनियरिंग करत होतो. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला, आणि पहिल्याच सेमिस्टरला गणितात नापास झालेलाही मीच. इथे राहिलेल्या विषयाला अरियर म्हणतात. माझ्या अरियरचा पेपर सोमवारी होता आणि जावळ रविवारी सकाळी, तंजावूरच्या पुढच्या एका गावात. मी विचार केला, जाताना सात-आठ तास गाडीत बसायचंच आहे, तेवढ्यात इंटिग्रेशन वाचून होईल. झेरॉक्सचा गठ्ठा पिशवीत घातला. असा विचार करणाऱ्याने दोन वर्षांचं मूल जवळून पाहिलेलं नसतं.

शनिवारी पहाटे ताईच्या चेन्नईतल्या घरून, नुंगंबाक्कमहून निघालो. दाजी गाडी चालवत होते, त्यांच्या शेजारी सासूबाई. मागे ताई, मी आणि मध्ये भाचा. ताईला गाडी लागते. शहर सुटायच्या आधीच ती नाकाशी लिंबू धरून खिडकीला टेकली आणि मूल माझ्याकडे आलं.

चेन्नईजवळच्याच कोवलमपर्यंत माझ्याकडचं सगळं संपलं. किल्ल्यांचा जुडगा संपला, स्टीलचा डबा आणि चमचा संपला, मोबाइलमधल्या सगळ्या रिंगटोन दोनदा वाजल्या. कोवलमला मासळीच्या टोपल्या बसवर चढवत होते म्हणून गाडी थांबली, तेव्हा मी त्याला होड्या दाखवल्या. त्याने होड्यांकडे एकदा पाहिलं आणि माझा चष्मा ओढला. मग खिडकीची काच. हँडल फिरवून काच खाली, काच वर, काच खाली. मी वही उघडली की त्याला वही हवी. एक पान दिलं, तर तेच तोंडात. काढून घेतलं, तर पाठीची कमान करून तो असा किंचाळला की सासूबाईंनी कानांवर हात ठेवले.

"काय इंजिनियर," दाजी आरशात बघत म्हणाले, "एवढंसं इंजिन बंद करता येईना?"

मी हसलो. आतून मात्र संतापलो होतो, मुलावर, दाजींवर, लिंबू धरून बसलेल्या ताईवरही. पुदुच्चेरीला दहीभात खायला थांबलो. त्याने तो खाल्ला आणि अर्ध्या तासाने माझ्या शर्टावर परत केला. तोवर माझं एक पानही झालं नव्हतं. प्रत्येक ओळ मी चार-चार वेळा सुरू करत होतो.

कडलूरच्या पुढे तो पुन्हा रडू लागला तेव्हा सासूबाई मागे वळल्या. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं, तमिळ हेलाचं. "कन्ना, राजा, रडू नको हां. मामा बघतोय. मामा कात्री आणेल, सगळे केस कापेल!"

तो एकदम थांबला. माझ्याकडे बघू लागला.

मी तेव्हाच हसायला हवं होतं. मी डोळे मोठे केले, ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "श्श्."

पाच मिनिटं गाडीत शांतता होती. मी पान उलटलं. मग तो कुरकुरला की मी वहीवरून नुसतं बघायचो आणि बोट ओठांवर न्यायचो. बोलायचीही गरज राहिली नाही. चिदंबरम गेलं, कुंभकोणम गेलं. ताई गोळी घेऊन झोपली होती. माझी अकरा पानं झाली.

"वा मेव्हणे, काय जादू केलीत?" दाजी म्हणाले.

"काही नाही, सवय झाली त्याला माझी," मी म्हणालो.

त्या अकरा पानांतले दोन प्रश्न पुढे पेपरात आले आणि मी पास झालो. हे सांगायला नको वाटतं, पण खरं आहे.

मुक्कामाला पोचल्यावर तो माझ्याजवळ आला नाही. मला वाटलं, दमलाय.

सकाळी देवळाच्या आवारात न्हावी वस्तरा पुसून बसला होता. सासरची वीसेक माणसं जमली होती. चुलतभावाची ती बायकोही होती. ताईने त्याला माझ्या मांडीवर ठेवलं आणि कानात म्हणाली, "घट्ट धर रे."

धरावं लागलंच नाही. तो लाकडासारखा ताठ बसला. पाण्याचा हात फिरला, वस्तरा फिरला, केसांची पहिली बट ताटात पडली. तो हललाही नाही. न्हावी कौतुकाने म्हणाला, "नल्ल पैयन!" चांगलं पोरगं. बायका पुढे सरकून बघू लागल्या.

मी वरून वाकून पाहिलं. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्याने आपलं इवलंसं बोट स्वतःच्या ओठांवर धरून ठेवलं होतं.

"बघा, बघा, कसा गप्प बसलाय!" कुणीतरी हसलं. सासूबाई ताईला म्हणाल्या, "तुझ्या भावाचा हात चांगला आहे हो." ताईने माझ्याकडे पाहिलं. इतका आनंद मी तिच्या लग्नातही तिच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता. मला मान वर करवेना.

दुपारी परत निघालो. मी पिशवी पायाशी दाबून ठेवली. त्याला किल्ल्या दिल्या, घेतल्या नाहीत. काच फिरवून दाखवली, त्याने पाहिलं नाही. ताईला चिकटून, चंदन लावलेलं डोकं तिच्या कुशीत घालून तो माझ्यावर नजर ठेवून होता. काल जी शांतता मला हवी होती ती आता तासन्‌तास मिळत होती आणि ती मला सहन होत नव्हती. वाटत होतं, याने चष्मा ओढावा, शर्टावर ओकावं, काहीही करावं.

कोवलमला पुन्हा बसमागे अडकलो. त्याला भूक लागली असावी. ओठ थरथरले, आणि माझ्याकडे बघत त्याचं बोट वर जाऊ लागलं. मी ते हातात धरलं आणि खाली आणलं.

"रड रे बाबा," मी म्हणालो. "मामा काही करत नाही. रड."

त्याला हे खरं वाटायला वेळ लागला. आधी एक हुंदका आला. तो थांबून माझ्याकडे बघत राहिला. मी बोट सोडलं नाही. मग त्याने तोंड उघडलं आणि काल किंचाळला होता त्याहून मोठ्याने भोकाड पसरलं.

"काय झालं मेव्हणे?" दाजी ओरडले. "जादू संपली?"

"संपली, दाजी."

नुंगंबाक्कमच्या सिग्नलपर्यंत तो रडत होता. शेजारचे स्कूटरवाले वाकून आत बघत होते. ताईने वैतागून विचारलं, "अरे, गप्प कर ना त्याला, सकाळी केलंस तसं!"

मी त्याच्यासमोर हँडल फिरवून काच खाली केली. मग वर केली. मग पुन्हा खाली.