कुणाचं मूळ सांगू नये

फ्रेमाबाई घानातल्या असांते लोकांच्या एका लहानशा गावात वाचनालय चालवत. नव्या मुलाच्या हाती त्या बहुधा एकच कादंबरी ठेवत: उत्तरेकडून दोरखंडाने बांधून आणलेल्या, कोलाच्या बियांच्या टोपल्यांच्या बदल्यात विकलेल्या एका मुलीची. राजांच्या लढाया नंतर वाचा, म्हणत; आधी हे वाचा, हे सगळं घडलेलं आहे. आणि वाचून झालं की घरच्या म्हाताऱ्यांना एक तरी प्रश्न विचारा.

बिरागो नावाच्या मुलाने विचारला. घरच्या भरल्या अंगणात, सगळे फुफूचे गोळे खात असताना. भिंतीवरच्या फोटोत पोकुआ आजीच्या आईच्या गालांवर कादंबरीतल्या त्या मुलीसारखेच चरे का आहेत?

सगळ्यांचे हात थांबले म्हणे.

असांतेंच्या रीतीने विकत आणलेल्या बाईची मुलगी घरचीच होते, पण तिचं मूळ कुणी उच्चारायचं नसतं. एकदा शब्द निघाला की तिची खोली, बैठकीतलं तिचं मत, तिचं मरणसुद्धा दुसऱ्यांच्या मर्जीवर येतं. हे फ्रेमाबाईंना कळत नव्हतं असं नाही. प्रश्न विचारा म्हणताना तो कुणाच्या अंगणात पडेल, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

त्या घराचे कर्ते, म्हणजे ओपानिन, बाडू यांचा निरोप आला: पुस्तक घेऊन या. वाटेत बाईंनी हिशेब केला. दंड भरता आला असता. वाचनालयाला कुलूप लागलं तरी सोसता आलं असतं. पण अंगणात शिरताच कोपऱ्यात मान खाली घालून बसलेली पोकुआ दिसली. तिचं काय होणार, हे सोसण्यासारखं नव्हतं.

"बाई, तुमच्या पुस्तकाला आमच्या घरातलं फार ठाऊक दिसतंय," बाडू म्हणाले. "ही पोरगी खरंच होती का कुठे?"

‘हे सगळं घडलेलं आहे’ हे आयुष्यभर मुलांना सांगितलेलं वाक्य फ्रेमाबाईंच्या ओठांवर आलं. ते त्यांनी गिळलं.

"नाही, ओपानिन. लिहिणाऱ्याने मनाने रचलंय सगळं. पोरांची करमणूक."

बाडूंना एवढंच हवं होतं. त्यांनी बिरागोला दरडावलं, बाईंना पाणी दिलं.

दारापर्यंत पोचवायला पोकुआ आली. बाहेर आल्यावर तिने बाईंचं मनगट धरलं.

"रचलेलं का असेना, पोरी," ती कुजबुजली, "त्यात तिच्या गावाचं नाव दिलंय का? माझ्या आईने तिचं कधी सांगितलं नाही."

आत बाडूंचा आवाज चालू होता. गावाचं नाव आत ऐकू गेलं तर दोघींचं काही खरं नव्हतं. फ्रेमाबाईंनी दाराकडे पाहिलं, मग म्हातारीच्या कानाशी वाकून, ओठ जेमतेम हलवत, ते सांगितलं.