खंडेनवमीला बंद ठेवलेला रोबो

मोबाइलवरचा रोबोचा गेम ताईला मीच शिकवला, असं मी माजिवड्यात सगळ्यांना सांगत फिरतो. खरं म्हणजे मी तो तिच्या फोनवर डाउनलोड करून दिला, एवढंच. इमारतीएवढा उंच लोखंडी रोबो, आणि त्याच्या आत बसून आपण तो चालवायचा. पण हा उड्या मारत धडाधड गोळ्या झाडायचा गेम नव्हे. इथे रोबोला वजन असतं. वळायचं तर आधी पाय रोवावा लागतो. तोफा फार चालवल्या की इंजिन तापतं, आणि गुडघ्याला मार बसला की बिचारा लढाई संपेपर्यंत लंगडतो. मी वैतागायचो. ताई मात्र खूश.

मानपाड्याच्या एका कारखान्यात ती पत्रा ठोकून आकार देणारा पॉवर प्रेस चालवायची. कारखाना परराज्यात गेला आणि ताई घरी बसली. शिवणकाम करून पाहिलं, पण जीव रमेना. या रोबोत रमला. समोर शत्रू उभा असला तरी तापमानाचा काटा लाल होण्याआधी ती थांबते, आणि मग सावकाश पाऊल टाकते. तिचं खेळणं बघत बसावं असंच आहे. आमच्या टीममध्ये आम्ही दोघं आणि घोडबंदर रोडच्या एका ऑफिसातले तिघं. त्यांनी तिला कधी पाहिलेलं नाही, पण माइकवर "ताई आल्या का?" असं विचारल्याशिवाय ते सुरुवात करत नाहीत. हे ऐकलं की तिचा चेहरा खुलतो. कारखाना गेल्यापासून तिची अशी वाट कुणी पाहिलीच नव्हती.

गेल्या वर्षी वरच्या गटात जायची मॅच नेमकी खंडेनवमीच्या संध्याकाळी आली. मी डोंबिवलीला तिच्याकडे पोचलो. पाहतो तर पाटावर विळी, कात्री, पक्कड, आणि मधोमध तिचा मोबाइल. त्यावर हळद-कुंकू आणि झेंडूचं फूल.

"अगं, मॅच आहे आपली."

"माहितीय. आज मशीन बंद."

"ताई, फोन आहे तो."

"तुझ्यासाठी फोन. माझं मशीन आहे ते."

कारखान्यात खंडेनवमीला प्रेस पुसून पूजेला लावायचे, आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत बटणाला हात लावायची सोय नव्हती, अगदी मालकालासुद्धा. हे मला ठाऊक होतं, तरी माझं डोकं फिरलं. "टीममधून काढतील तुला," मी म्हणालो. ती निरांजनाची वात पुन्हा पुन्हा सारखी करत राहिली, आणि तिलाही तीच धास्ती आहे हे मला कळलं.

ताईचा फोन पूजेत आहे, असं मी माइकवर सांगितलं. त्या तिघांतला आमचा कॅप्टन म्हणाला, "पूजेत म्हणजे? पाच मिनिटं पण नाही काढता येणार?" नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "बरं. बघू."

त्या 'बघू'ने ताईचा चेहरा उतरला.

आम्ही चौघंच खेळलो. ताई शेजारी बसून माझ्या फोनमध्ये बघत होती. "थांब, तापतोय... अरे, पाय रोव आधी." मग मी तिला माझा फोन पुढे केला, तर म्हणाली, "तुझं मशीन, तू चालव." आम्ही सपाटून हरलो.

दसऱ्याला सकाळी पूजा झाल्यावर तिने फूल उचललं, फोन पुसला आणि माझ्याकडे दिला. "तूच बघ रे, काढलंय का मला."

मी गेम उघडला. आमचे पाचही रोबो नेहमीसारखे ओळीने उभे होते. त्यातल्या तिघांच्या कपाळावर लाल रंगाचा ठिपका होता. खाली कॅप्टनचा मेसेज होता: "ताई, आमच्या रोबोंची पूजा राहून गेलेली. गेममधलाच रंग लावलाय. चालेल ना?"

ताईने फोन हातात घेतला, एकेक रोबो बोटाने मोठा करून नीट पाहिला. डोळे पुसले.

"चालेल म्हणून कळव त्यांना," ती म्हणाली. "माझ्या मशीनला कुंकू कालच लागलंय. आता तुझ्या एकट्याचंच कपाळ रिकामं आहे. लाव आधी."