आग्रहाचा तास

नवी पेठेत, म्हणजे पुण्यातल्या नव्हे, आमच्या जिल्ह्याच्या गावातल्या, एका साड्यांच्या दुकानाच्या वर माझा जर्मनचा वर्ग भरतो. बारा खुर्च्या, एक पांढरा फळा आणि दोन पंखे, त्यातला एक फिरतो. शिकवायचं बाकीचं सामान मी स्वतः करते. साड्यांच्या घडीत जे पुठ्ठे येतात ते खालचे दुकानदारकाका माझ्यासाठी बाजूला ठेवतात. ते कापून मी कार्डं बनवते, एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला शब्द. पुण्याच्या मोठ्या संस्थांतून छापील रंगीत संच मिळतात, मी बघितलेत. माझी कार्डं त्यांच्यापेक्षा जास्त टिकतात.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. बी.ए. केलं, मग पुण्यात नोकरी करत करत जर्मनच्या परीक्षा दिल्या. हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते, कारण ते मला फुकट मिळालेलं नाही.

माझ्याकडे येणारे लोक हौसेनं येत नाहीत. कुणी नर्स असतं, कुणी इलेक्ट्रिशियन. जर्मनीत काम ठरलेलं असतं आणि भाषेची परीक्षा पास झाल्याशिवाय विमानात बसता येत नाही. परीक्षेचे चार भाग: वाचणं, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं. त्या वर्षी एक ताई होत्या, माळशिरस तालुक्यातल्या एका गावच्या. इथं एका खासगी दवाखान्यात नर्स होत्या, खोली घेऊन राहायच्या. नवरा आणि तिसरीतली मुलगी गावी. ड्युटी संपली की थेट वर्गात यायच्या, हाताला दवाखान्याचा वास तसाच. वाचणं, ऐकणं, लिहिणं या तिन्हींत पहिल्याच फटक्यात पास. बोलण्यात दोनदा नापास. आता तिकडच्या दवाखान्यानं कळवलं होतं, आणखी एका परीक्षेपर्यंत जागा ठेवू, नंतर दुसऱ्याला देऊ. म्हणजे तिसरी खेप ही शेवटची.

मला वाटलं, शब्द कमी पडत असतील. मी त्यांना कार्डांचा एक गठ्ठा दिला. आठवड्यानं तो परत आला, सगळा पाठ. दुसरा दिला, तोही पाठ. एस.टी.त बसून पाठ केला म्हणाल्या. मग मी वर्गातच खोटी परीक्षा घेतली.

बोलण्याच्या परीक्षेत दोघांना मिळून काहीतरी ठरवायचं असतं. मी विषय दिला: सोबत काम करणारी एक मैत्रीण आजारी आहे, तिला भेटायला जायचं, कधी, कसं आणि काय घेऊन, ते ठरवा. ताईंसमोर बसवला करमाळ्याचा एक इलेक्ट्रिशियन. मिशीवाला, थट्टेखोर, पण जर्मन बरं.

तो म्हणाला, रविवारी जाऊ.

“या, गुटे इडे,” ताई म्हणाल्या. म्हणजे, हो, छान कल्पना.

बसनं जाऊ. या, गुटे इडे. फुलं नेऊ. या, गुटे इडे. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, पेशंटला बिअरच्या दोन बाटल्या नेऊ.

“या, गुटे इडे.”

वर्ग खुर्च्यांवरून पडायचा बाकी राहिला. घड्याळ बघितलं तर मिनिटसुद्धा झालं नव्हतं. परीक्षेत तीन-चार मिनिटं बोलावं लागतं.

“अहो ताई, तुम्ही नर्स,” मी म्हटलं, “आणि पेशंटला बिअर?”

“त्यांनी म्हटलं की. समोरच्या माणसाला तोंडावर न्हाय कसं म्हणायचं?”

“समोरचा माणूस करमाळ्याचा आहे.”

“म्हणून काय झालं? मी माणूस न्हाय का?” तो इलेक्ट्रिशियन म्हणाला.

मीही हसले. पण घरी जाताना ते वाक्य डोक्यातून जाईना. कॉलेजच्या प्रवेशाला मी गेले होते तेव्हा टेबलामागच्या सरांनी विचारलं, “इतिहास देऊ ना?” मला भूगोल हवा होता. मी म्हटलं, “हो सर.” तीन वर्षं इतिहास शिकले. आमच्यात शिकलेल्या माणसाला, मोठ्या माणसाला, परक्या माणसाला नाही म्हणायची पद्धत नव्हती. नाही म्हणणं म्हणजे उद्धटपणा. मग ताईंना मी शब्दांची कार्डं कशाला देत होते? शब्द त्यांच्याकडं भरपूर होते. त्यांना आडवं बोलायची सवय नव्हती, आणि ती सवय कार्डावर छापता येत नाही.

उपाय मला सुचला नाही. तो डब्यातून निघाला.

एका शनिवारी दोन तासांच्या मधल्या सुट्टीत ताईंनी डबा उघडला. बाजरीची भाकरी, शेंगाची चटणी, वांगं. इलेक्ट्रिशियन डबा विसरून आला होता आणि मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता.

“या, बसा.”

“नको नको ताई. जेवून आलोय.”

“कुटं जेवलाय? सकाळी सातला निघालाय तुमी.”

“भूक न्हाय.”

“तोंड बघा आरशात. न्हाय म्हणं.”

“तुम्हाला कमी पडंल.”

“तीन भाकऱ्या हायत. मी काय म्हैस हाय का तीन खायला?”

“बाजरी उष्ण पडते मला.”

“करमाळ्याच्या माणसाला बाजरी उष्ण? आई काय खाऊ घालती, आईस्क्रीम?”

भाकरी त्याच्या हातात गेली. मी फळा पुसत होते, तशीच उभी राहिले. या बाईंनी एका दमात चार वेळा समोरच्याचं म्हणणं खोडलं होतं, दर वेळी नवं कारण देऊन. आणि यात त्यांना उद्धटपणा वाटला नव्हता, उलट खोडलं नसतं तर वाटला असता.

“ताई,” मी म्हटलं, “आता हेच परत. जर्मनमध्ये.”

“भाकरी तर संपली की.”

“उद्या जास्त आणा.”

असा आमचा आग्रहाचा तास सुरू झाला. काकांनी खालून सतरंजी दिली. दोघं समोरासमोर बसणार. एकानं वाढायचं, एकानं नको म्हणायचं. दोघांनी दर वेळी नवं कारण द्यायचं, एकदा दिलेलं कारण पुन्हा चालणार नाही. ज्याचं कारण संपलं तो हरला. काकांचं घरचं बोलणं कन्नड. ते एकदा वर डोकावले तर पोरींनी त्यांनाच पाहुणा म्हणून बसवलं. त्यांना जर्मनचं अक्षर येत नव्हतं. ताटावर दोन्ही हात आडवे धरून ते “बेडा, साकु, बेडा” म्हणत राहिले, नको, पुरे, नको. ताई जर्मनमध्ये आणि ते कन्नडमध्ये, आणि दोघांचं एकमेकांना सगळं समजत होतं.

पण पहिले काही दिवस ताईंचं जर्मन अडलं. हात पुढं जायचा, भाकरी ताटाच्या वर यायची आणि तिथंच थांबायची. वाक्य येईना. मी मदत केली नाही. मला ते जड गेलं, पण नाही केली. मग एकदा त्यांच्या तोंडून आलं, “तुम्ही आज खूप काम केलंय.” शब्दांचा क्रम चुकला होता. मी दुरुस्त केला नाही. भाकरी ताटात पडली.

पुढची अडचण वेगळीच. जेवणाचं जमायला लागलं, पण भाकरीच्या जागी रविवार, बस, फुलं आली की ताई पुन्हा “गुटे इडे”वर. तेव्हा इलेक्ट्रिशियनच म्हणाला, “मॅडम, कार्डं ताटात वाढा की.” मी पुठ्ठ्याची कार्डं परातीत घातली. ताई एक एक उचलून वाढायला लागल्या. रविवार घ्या. नको, रविवारी ड्युटी आहे. मग शनिवार घ्या, शनिवारी दवाखान्यात गर्दी कमी असते. बस नको, बसला उशीर होतो. हातात वाढायला काहीतरी असलं की त्यांची जीभ सुटायची.

एक गोष्ट मात्र शिकवावीच लागली. “तिकडं माणूस नको म्हणाला की त्याला खरंच नको असतं,” मी सांगितलं. “दोनदा विचारा. तिसऱ्यांदा सोडून द्या.”

ताईंनी डोळे मोठे केले. “तिसऱ्यांदा सोडायचं? मग माणूस उपाशी न्हाय का राहायचा?”

“तिकडं मागून घेतात.”

त्यांनी थोडा विचार केला. “पेशंट मागून घेत असतील तर लई सोपं हाय की मग.”

परीक्षा पुण्याला होती. मी सोबत गेले नाही. माझा वर्ग होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या पिशवी खांद्यावर घेऊनच वर आल्या. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, घोटाळा झाला.”

त्यांच्यासोबत बोलायला एक विशी-बाविशीची मुलगी आली होती, कुठली ते माहीत नाही. भीतीनं पांढरी पडलेली. विषय एका निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याच्या निरोप समारंभाचा. ताईंनी जे सुचवलं त्याला ती हो म्हणाली. हॉल घेऊ, हो. गाणी लावू, हो. सगळ्याला हो.

“माझी धाकटी बहीणच निघाली ती. आता माझ्याच्यानं काय बोलवंना. ती हो म्हणती, मग मी काय खोडू? मग मीच माझं खोडलं. म्हटलं, हॉल नको, लांब पडतो. तुमच्या मनात काय हाय, सांगा. ती म्हणाली, काय न्हाय. म्हटलं, असणार, सांगा. ती म्हणाली, न्हाय. म्हटलं, घरी पाहुणे आले तर तुमची आई काय करती? मग म्हणाली, सूप करती. म्हटलं, नुसत्या सूपवर निरोप देता व्हय म्हाताऱ्याला? तेव्हा चिडली पोरगी! सूप कसं चांगलं ते सांगत सुटली. थांबंना. परीक्षेच्या बाईंनी आमाला थांबवलं.”

“मग घोटाळा कुठं झाला?”

“तुमी म्हणाला हुता, तिसऱ्यांदा सोडा. मी सोडलं न्हाय. तिनं दोनदा न्हाय म्हटलं तरी धरून बसले. मार्क काटले असतील.”

काटले असतील की नाही, मला सांगता येईना. मी म्हटलं, बघू. निकालापर्यंतचे दिवस त्या वर्गाला येत राहिल्या. परीक्षा झाली होती, यायची गरज नव्हती. इतरांना वाढत बसायच्या.

निकाल मोबाईलवर आला. त्यांनी तो उघडला नाही, फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. मी वाचलं. बोलण्यात पास. फार वर नाही, पण पास. मी सांगितलं तेव्हा वर्गात शिट्टी झाली, काका खालून “काय झालं?” म्हणून ओरडले. ताई वळल्या.

“त्या पोरीचं काय झालं असंल ओ?”

ते कळायला मार्ग नव्हता. तिचं नावही त्यांनी विचारलं नव्हतं.

मग त्यांनी घरी फोन लावला. नवऱ्याशी दोन वाक्यं बोलल्या, “झाले पास,” आणि “तिला द्या.” खाली रिक्षांचा गोंगाट चाललेला, म्हणून खिडकीपासून आत येऊन, एका कानावर हात ठेवून उभ्या राहिल्या. फोन स्पीकरवर नव्हता, पण मुलीचा आवाज खणखणीत होता. मला ऐकू आलं.

“म्हंजे तू जाणार?”

“व्हय बाळा. कागदं झाली की.”

“आणि मी नको जाऊ म्हटलं तर?”

इतके दिवस मी या बाईंना समोरच्याचं म्हणणं खोडायला शिकवत होते. मला वाटलं आता जायची कारणं येतील. त्यांच्याकडं होती, मला माहीत होतं. वर्गात बोलता बोलता आम्ही ती सगळी ऐकली होती.

ताई खुर्चीवर बसल्या. “तर म्हण,” त्या म्हणाल्या. “म्हण की. मी ऐकतीय.”

आणि ती पोरगी बोलत राहिली. बराच वेळ. ताईंनी मध्ये एक शब्द घातला नाही. मी इलेक्ट्रिशियनला खूण केली. त्यानं सगळ्यांना हळूच खाली चहाला नेलं, आणि मी बाहेर पडून दार ओढून घेतलं.