चामोर्शीचा शनिवार आणि तिसरं चलान

चंद्रपूरहून चामोर्शीला स्वतःच्या गाडीने जायचं असेल तर निघण्याआधी टायरमधली हवा बघावी, पाणी घ्यावं आणि गाडीची नोंदणी कोणाच्या मोबाइल नंबरवर आहे हे आठवून ठेवावं. आमची मुलाच्या नंबरवर आहे. तो नागपूरला राहतो. मी कुठे किती वेगात होतो हे माझ्याआधी त्याला कळतं. यंदा दोनदा कळलं. दुसऱ्या खेपेला तो चिडला नाही, त्यामुळे मी जरा घाबरलो. म्हणाला, तिसरं चलान आलं की गाडी घेऊन जाईन.

माझं तसं काही अडत नाही. पण कुसुमची, म्हणजे माझ्या बायकोची, थोरली बहीण चामोर्शीला एकटी असते. महिन्यातला एक शनिवार दोघी बहिणींचा. एसटी आहे, पण कुसुमच्या गुडघ्यांना बसची पायरी झेपत नाही. गाडी गेली की शनिवार गेला.

वेगाचं कारणही सांगतो. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. गाडी चालवताना पाठ्यपुस्तकातल्या कविता म्हणतो आणि माझा पाय वृत्ताप्रमाणे चालतो. ओवी असली की काटा पन्नासाच्या आसपास रेंगाळतो. श्लोक त्याला पुढे नेतात. आत्तापर्यंतची दोन्ही चलानं भुजंगप्रयातातली आहेत. म्हणून या शनिवारी कुसुमने दार लावतानाच बजावलं, आज फक्त ओव्या.

सकाळी निघालो. शहराचा धूर मागे पडला की मूल गावापर्यंत बराचसा जंगलाचा रस्ता आहे. डांबर चांगलं आहे, इतकं चांगलं की मोह होतो. वेगमर्यादेचे फलक आहेत, त्यातला एक सागाच्या पानाआड आहे. पानं गळल्यावर जाल तर दिसेल. चिचपल्लीच्या अलीकडे एक नवा खांब उभा होता. त्यावर तेव्हा फक्त एक कावळा होता. या पट्ट्यात चितळं आडवी येतात, तेव्हा कॅमेरा असो नसो, हळूच जावं. मी हळूच गेलो. ओवी जात्यावरची होती.

मूलला आलूबोंडा आणि त्यावर तर्री, म्हणजे तिखटजाळ रस्सा, खाल्ला. दोघांचं पोट भरलं आणि शंभराची नोट मोडूनही सुटे परत मिळाले. तर्री झेपत नसेल तर आधीच सांगावं, ते विचारत नाहीत. पुढे सावलीकडे धानाची कापणी उरकलेली, खळ्यांवर तणसाचे ढीग. नोकरीच्या सुरुवातीला मी याच रस्त्याने सायकलवर शाळेत जायचो. वाऱ्याविरुद्ध एक अख्खं खंडकाव्य पुरायचं.

सावलीला चहाच्या टपरीवर गडी ओळखीचा निघाला, माझाच विद्यार्थी. आता त्याचेच केस पिकलेत. चहा देता देता त्याने खबर दिली.

"मास्तर, व्याहाडाच्या वळणावर पोलिसाईची कॅमेऱ्याची गाडी उभी हाय. झाडाखाली लपून राह्यली. हळू जाजा."

मी म्हटलं, दोन चलानं झाल्यापासून मी हळूच जातो.

"तुमचंबी नवलच हाय जी," तो म्हणाला. "आमी शाळेत उशिरा आलो तं उठाबशा काढाले लावे. आता तुमालेच लवकर पोचल्याचा दंड."

चहाचे पैसे त्याने घेतले नाहीत. कुसुम पुढे बराच वेळ हसत होती.

वळणाआधी समोरच्या ट्रकने दोनदा दिवे मारले. इकडची ही रीत आहे: ज्याने कॅमेरा पाहिला त्याने समोरच्याला सांगायचं. मी पंचेचाळीसवर आलो. झाडाखाली गाडी होती आणि तिच्याशेजारी एक पोलीस डबा खात होता. वैनगंगेचा पूल ओलांडला आणि गडचिरोलीवरून चामोर्शीला पोचलो.

बाई, म्हणजे मेहुणीबाई, दारातच होत्या. जेवायला भात, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. मग दोघी बहिणी ओसरीवर अंग टाकून बोलत राहिल्या. काय बोलल्या ते सांगता येणार नाही, मधूनमधून दोघींचा आवाज खाली जाई आणि मग दोघी एकदम हसत. निघताना बाईंनी कुसुमचा हात धरून ठेवला. पुढच्या शनिवाराचं विचारलं नाही. आम्ही येणार हे धरलेलंच होतं.

परतीला हरणघाटाचा रस्ता धरला, तो थेट मूलला निघतो. अंतर कमी, रस्ता अरुंद, नदीवर ऊन उतरलेलं. मूल मागे गेल्यावर कुसुम खुशीत होती. तिनेच म्हटलं, "थे पटाच्या जोडीची म्हणा ना."

ही आमच्या काळी चौथीला असलेली कविता. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी धावते त्याच चालीत ती धावते. गाडीत ती कधीच पूर्ण होत नाही. जोडी निम्म्यावर येते आणि एखादं गाव येतं. मी कुसुमकडे पाहिलं. ती म्हणाली, व्याहाडाचा कॅमेरा तर त्या रस्त्यावर राहिला. मी सुरू केली. धूळ उडाली, घुंगरं वाजली, कासरा सैल झाला आणि चिचपल्लीच्या खांबावर उजेड चमकला. कावळ्याच्या जागी आता कॅमेरा होता.

समोरून कोणीच दिवे मारले नव्हते. खांबाची बातमी अजून रस्त्यावर पसरायची होती.

रविवारी मुलगा आला. दंड त्याने भरलाच होता. दंडाची रक्कम आमच्या जाण्यायेण्याच्या पेट्रोलपेक्षा जास्त होती. जेवला आणि खिळ्यावरची किल्ली काढली. मला बोलण्यासारखं वृत्त सुचलं नाही.

कुसुम म्हणाली, "मीच म्हणा म्हटली होती. गाडी ने बापा. पन मंग मईन्याच्या शनिवारी तूच ये, मले बाईकडं न्याले."

मुलाने फोन काढला आणि आपले शनिवार पाहिले. बराच वेळ पाहिले. मग किल्ली खिळ्यावर परत लावली.

"आई, बाबांनी कोणती कविता म्हणायची हे आता तू ठरवशील," तो म्हणाला. "एकबी चुकली तं मी खरंच नेतो."

तेव्हापासून आमच्या घरी अधिकृत धोरण आहे. चालत्या गाडीत ओवी. बाकी सगळं गाडी बंद करून. त्यामुळे चामोर्शीला पोचायला उशीर होतो आणि बाई दारात उभ्या राहून थकतात, म्हणून आम्ही लवकर निघतो.

गेल्या शनिवारी चिचपल्लीच्या पुढे मोहाच्या झाडाखाली थांबलो. इंजिन बंद केलं. थर्मासमधला चहा ओतला आणि जोडीची कविता पहिल्यांदा शेवटपर्यंत म्हटली. शेवटी एक वासरू पटात येतं, हाकणारा कासरा ओढतो आणि दुसरी जोडी पुढे निघून जाते.

कुसुम कप हातात धरून बसली होती.

"म्हंजे हरली जोडी?"

"हरली."

"मले तं इतके वर्षं वाटे जितली म्हून." तिने चहा संपवला. "वासरू तं वाचलं ना?"

वाचलं, असं मी सांगितलं. मग तिने काच वर केली आणि म्हणाली, "चला मंग. बाई वाट पाहून राह्यली असन."