तार बांधायची राहिली

विमान चालवायला शिकवणाऱ्या एका संस्थेत मी मेकॅनिक होतो, म्हणून आमच्या गावात, सिहोऱ्यात, माझी कॉलर ताठ असायची. कोणी बिघडलेला पंप दाखवायला बोलावलं, की मी नाक मुरडायचो.

त्या सकाळी दोन सीटच्या छोट्या विमानाची पेट्रोलची गाळणी साफ केली आणि तिची वाटी हाताने परत बसवली. ती पान्याने आवळून वर बारीक तार बांधायची असते, म्हणजे थरथरीने सुटत नाही. तेवढ्यात घरून फोन आला. रोवणीच्या बाया बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरल्या होत्या आणि धानाची रोपं कमी पडत होती. मी फोनवरच अर्धा तास शेती केली. परत येऊन कागदावर सही ठोकली आणि विमान सोडून दिलं. तार माझ्या खिशातच होती.

भंडाऱ्याची एक विद्यार्थिनी ते घेऊन एकटीच उडाली. आमच्या गावावर आली आणि इंजिन बंद पडलं. तिने विमान माझ्या शेजाऱ्याच्या बांधीत उतरवलं, पण नाक चिखलात रुतून ते उलटलं. खांद्याच्या हाडावर निभावलं, जीव वाचला. फोन येताच मी मोटारसायकल दामटत पोचलो. उलट्या विमानाच्या पोटाशी ती वाटी अर्धी सुटलेली दिसली; तिथूनच पेट्रोल गळून इंजिन बंद पडलं होतं. तरी मी तोंड उघडलं नाही.

तपासाची माणसं यायची होती. तोवर शिकवणारे म्हणू लागले की पोरीच्याच हातून काहीतरी चुकलं. तसं ठरलं असतं तर तिचं पायलट होणं तिथेच संपलं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर शेजारी उभा राहून बघत होता.

वरून गावाने रविवारी सत्कार ठेवला, तिचा आणि माझाही! ज्याची बांधी नासली त्या शेजाऱ्यानेच मला शाल पांघरली. म्हणाला, "तुह्या हातचं विमान होतं म्हणून पोरगी वाचली भाऊ. दुसऱ्याच्या हातचं असतं तं काय झालं असतं?" मी हात जोडले.

मग ती बोलायला उठली, हात गळ्यात अडकवलेला. "काकांचं विमान बरोबरच होतं," ती म्हणाली, "चूक माझीच असन." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सगळं लेखी दिलं. नोकरी गेली, ती जायलाच हवी होती. तिथून तडक भंडाऱ्याला तिच्या घरी गेलो. तिच्या वडिलांनी खुर्ची पुढे केली, पण मी उभ्यानेच तिच्यासमोर सगळं सांगून टाकलं. शिव्या खायच्या तयारीनेच गेलो होतो.

ती म्हणाली, "म्हणजे माझ्या हातून काही चुकलं नव्हतं?"

"नाही बेटा."

ती आईकडे वळली. "आई, ऐकलं का? मी नव्हती चुकली!" आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. मी दारात उभा आहे, हेसुद्धा ती विसरली होती.