शेठच्या गाडीतलं स्वस्तिक

हसायचं नाही, एवढं आधी कबूल करा, मग सांगतो. चहा येईपर्यंत सांगून टाकतो, कारण चहा आला की तुम्ही मला बोलू देणार नाही.

माझ्या गाढवपणाचे नमुने आमच्या शिरगावात तसे पुष्कळ आहेत. पण भाच्याच्या लग्नात मी जे दिवे लावले, त्यांच्यापुढे बाकीचे सगळे फिके. भाचा म्हणजे हर्षद, माझ्या धाकट्या बहिणीचा, सुमनचा मुलगा.

आमच्या घरात एक रीत पडून गेलेली होती. घरातला कुठलाही नवरदेव लग्नाला निघाला की तो माझ्या गाडीतून जाणार. मागे नाही बसायचं, पुढे, माझ्या शेजारी. आणि गाडी मीच चालवणार. ही रीत कुणी ठरवली, विचाराल तर मीच ठरवली. पण इतकी वर्षं कुणी मोडली नव्हती.

माझी गाडी तुम्ही पाहिलीय. पांढरी, चौकोनी, डोळे वटारल्यासारखे गोल दिवे. आत, चालवणाऱ्याच्या समोरच्या पत्र्यावर मोजकी बटणं. दिव्याचं ओढायचं, वायपरचं फिरवायचं, रेडिओची खुंटी चिमटीत धरून हळूहळू गाण्यापर्यंत न्यायची. हवा पाहिजे तर पायाशी एक झडप होती, ती चपलेच्या टोकाने उघडायची. डोळे रस्त्यावर आणि हात आपापल्या कामाला. अंधारात, पावसात, भांडणात, कधीही हात बरोबर जागेवर जायचा. हर्षद लहानपणी माझ्या मांडीवर बसून तीच बटणं ओढायचा. शिरगावच्या किनाऱ्यावर, ओहोटीच्या वेळी, मी त्याला त्याच गाडीवर शिकवलं.

आणि प्रत्येक लग्नाला निघताना त्या पत्र्यावर, नवरदेवाच्या समोर, मी ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढायचो. ते पुसायचं नाही. नवरी घरात येईपर्यंत तर मुळीच नाही, आणि नंतर कुणाला आठवायचंच नाही. त्यामुळे एका स्वस्तिकावर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं, असा आमच्या घरातल्या लग्नांचा तिथे एक थरच बसला होता. मला तो पाहिला की बरं वाटतं. अजूनही वाटतं.

बटणांशी माझं नातं तसं पोटापाण्याचंच. बोईसरला एमआयडीसीत जन्मभर मी बटणंच केली. गाड्यांची बटणं बनवणारा कारखाना होता. माझं काम शेवटच्या टेबलावर. प्रत्येक बटण दाबून बघायचं, 'खट्' असा आवाज नीट येतो की नाही. पोकळ आला, परत. घट्ट आला, परत. चांगला खट् आला की मनाला इतकं समाधान व्हायचं की काय सांगू. मग गाड्यांमध्ये बटणांच्या जागी बोटाने दाबायच्या काचा यायला लागल्या, आणि आमच्या टेबलावर बटणं कमी आणि चहाचे कप जास्त दिसायला लागले. पुढे मी निवृत्त झालो. कारखाना आता दुसरंच काहीतरी करतो.

असो. तर हर्षदचं लग्न ठरलं. मुलगी बोईसरच्या पलीकडच्या पाम गावची, मानसी. हर्षद बोईसरला ज्या कंपनीत आहे, तिथल्या शेठचा त्याच्यावर फार जीव. शेठ म्हणाले, नवरदेव माझ्या गाडीतून जाणार. परदेशी गाडी, काळी, लांबलचक. ड्रायव्हर मात्र त्या दिवशी सुट्टीवर.

सुमनने मला हे सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती. "दादा, तुझी गाडी पण लागेलच की. भांडी, आहेर, ताटं न्यायला."

म्हणजे माझी गाडी सामानाची गाडी झाली. मला वाईट वाटलं, सरळ सांगतो. दोन घास कमी जेवलो. पण हर्षद संध्याकाळी घरी आला आणि म्हणाला, "मामा, गाडी कुठलीबी असू दे. चालवणार तुमीच. तुमी नसाल तर मी रिक्षाने जाईन."

मग काय, मी लगेच तीन घास जास्त खाल्ले.

आदल्या दिवशी शेठचा ड्रायव्हर गाडी द्यायला आला. पोरगा सालस होता. म्हणाला, "काका, जरा बसा. थोडं समजावून देतो."

"मला? अरे, तू पाळण्यात होतास तेव्हा मी कसारा घाटात गाडी उतरवत होतो."

"तसं नाय काका, या गाडीत सगळं काचेवर हाय. सवय लागते."

"गाडी पुढे जाते ना? मागे येते ना? थांबते ना? बास झालं."

त्याने चावी ठेवली, काही लागलं तर फोन करा म्हणाला आणि गेला. मी पहिल्यांदा आत डोकावलो. बटण म्हणून नाही. या दारापासून त्या दारापर्यंत एकच काळी काच. मला तर टीव्हीच्या दुकानात बसल्यासारखं वाटलं. पण आता कुणाला विचारणार? तोंड तर आधीच उघडून झालं होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी गाडीची पूजा. नारळ वाढवला, चाकाखाली लिंबू ठेवलं. हर्षद मुंडावळ्या बांधून पुढे येऊन बसला, सुमन मागे. बाकीचे लोक गाडीभोवती. मी कुंकू चांगलं ओलं करून बोट बुडवलं आणि काचेवर, हर्षदच्या समोर, स्वस्तिक काढायला घेतलं.

पहिली रेघ खालून वर ओढली. काचेवर काहीतरी आकडे सरसर वर गेले. मला वाटलं, चालायचंच. आडवी रेघ ओढली. मग चार कोपरे. मग चार ठिपके, नीट दाबून. शेवटचा ठिपका दिला आणि काय झालं असेल? काचेवर तीन लाल ज्योती उमटल्या. तीन, वळणदार, अगदी समईच्या वातीसारख्या.

सुमनने हात जोडले. मागून कुणीतरी आजीबाई म्हणाल्या, "देव पावला गं." बाहेर उभ्या असलेल्या सगळ्यांनी हात जोडले. मीपण जोडले. शेठची गाडी परदेशी असली तरी तिला आपले संस्कार कळतात, असं मला त्या वेळी मनापासून वाटलं. त्या ज्योती म्हणजे हर्षदच्या खुर्चीखालची शेगडी पेटल्याची खूण होती, हे मला कोण सांगणार? आणि पहिल्या रेघेबरोबर वर गेलेले आकडे म्हणजे एसीचं तापमान होतं. बर्फाच्या देशातल्या लोकांसाठी केलेली सोय ती. आमच्याकडे मे महिना होता.

निघालो. शिरगावची सुरूची झाडं मागे पडेपर्यंत बरं होतं. पालघर यायच्या आधीच हर्षद चुळबुळ करायला लागला.

"मामा, गरम होतंय."

"नवरदेवाला गरम होणारच. मलाही झालं होतं."

"तसं नाय. बुडाखालून होतंय."

"शेरवानी जाड आहे तुझी."

मागून सुमन म्हणाली, "दादा, या एसीतून गरम हवा येतेय रे."

"नवीन गाड्यांचं तसंच असतं. आधी तापतात, मग गार होतात." हे मी कुठून काढलं, मला आजतागायत माहीत नाही.

"मग जरा काच तरी खाली घे."

"शेठची गाडी आहे. धुळीने भरेल." खरं म्हणजे काच खाली घ्यायचं बटण कुठे आहे हेच मला सापडलेलं नव्हतं.

हर्षदने समोरच्या काळ्या काचेकडे हात नेला. मागून सुमन ओरडली, "हात लावू नको. कुंकू पुसेल. नवरी घरात येईपर्यंत पुसायचं नाय." बिचाऱ्याने हात मागे घेतला. सगळी कळ त्या स्वस्तिकाखालीच होती. बाजूला कुठे बोट लावावं तर काच म्हणे ऐकेना, कारण कुंकू ओलं, तिला वाटत होतं कुणीतरी बोट दाबून धरलंय. वाटेत उमरोळी गावात मी गाडी बंद करून पुन्हा चालू केली. तिला सगळं आठवत होतं. ज्योती पुन्हा तेवल्या.

"मामा, ड्रायव्हरला एक फोन करू या का?"

आता मी काय बोलायला हवं होतं? कर, म्हणायला हवं होतं. मी काय बोललो? मी त्याला भाषण दिलं. "हर्षद, तुला वाटतं ही काच म्हणजे श्रीमंती. अरे, हा सगळा पैसे वाचवायचा धंदा. एका बटणाला साचा लागतो, स्प्रिंग लागते, तार लागते, वर ते दाबून बघायला माझ्यासारखा माणूस लागतो. त्यापेक्षा एक काच चिकटवली की सुटले. वर तिलाच चैन म्हणून विकायचं. आमच्या वेळी गाडी स्वस्त असायची आणि बटण महाग." मुद्दा माझा बरोबर होता हो. आजही सांगतो, बरोबर होता. पण ज्याला सांगत होतो त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम ठिबकत होता.

पामला मंडपाशी उतरलो तेव्हा हर्षद समुद्रातून काढल्यासारखा भिजलेला, तोंड लालबुंद. त्याच्या सासूबाई ओवाळायला पुढे आल्या. टिळा लावताना कपाळाला बोट लागलं आणि त्यांचा चेहराच उतरला. मागे वळून नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "अहो, पोराला ताप हाय. चांगला फणफणलाय."

झालं. फाटकापाशी ताप होता, तो मंडपात पोचेपर्यंत मलेरिया झाला आणि आचाऱ्यांच्या चुलीपर्यंत गेला तेव्हा मुलाला लहानपणापासूनच कसला तरी आजार आहे आणि मुलाकडच्यांनी तो लपवलाय, असं ठरलं होतं.

व्याही मला आणि सुमनला बाजूला घेऊन गेले. माणूस सभ्य, पण आवाज थरथरत होता. "आमची एकच पोर हाय. जे असेल ते आता सांगा. मुहूर्त टळला तरी चालेल, पण नंतर कळायला नको."

सुमनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मांडवात वाजंत्री थांबली होती. लोक आमच्याकडे बघत होते. हर्षद खुर्चीवर बसून लिंबू सरबत पीत होता आणि मानसी आतल्या दारातून त्याच्याकडे बघत होती. त्या पोरीचा चेहरा बघवेना. एक लग्न माझ्या बोटाने मोडायची वेळ आली होती.

"व्याहीबुवा," मी म्हणालो, "आजार नाही. मी त्याला शेकलंय."

मग मी सगळं सांगितलं. स्वस्तिक, ज्योती, हात जोडलेले लोक, ड्रायव्हरला दिलेलं उत्तर, सगळं.

त्यांना पटेना. "गाडीत खुर्ची तापते? आपल्या पालघर तालुक्यात?"

"तुम्ही बसून बघा."

ते खरंच गाडीत येऊन हर्षदच्या जागेवर बसले. मी गाडी चालू केली. चारपाच वऱ्हाडी खिडकीशी. थोडा वेळ व्याही गंभीर चेहऱ्याने समोर बघत राहिले. मग भुवया वर गेल्या. मग ते एकदम असे उठले की फेट्यासकट डोकं छताला आपटलं.

"लाव रे वाजंत्री," दार उघडताच ते म्हणाले. "पोरगा ठणठणीत हाय. मामा तेवढा बघायला पाहिजे."

मुहूर्तावर अक्षता पडल्या. मी हर्षदच्या मागे उभा होतो, मामाच्या मानाच्या जागी, आणि मंगलाष्टकं चालू असताना अर्धा मांडव माझ्याकडे बघून खांदे हलवत हसत होता. मला त्याचं काही वाटलं नाही. लग्न लागलं होतं.

संध्याकाळी नवरीला निरोप द्यायची वेळ झाली. काळी गाडी फुलांनी मढवून दारात आणली. मानसीने आत डोकावून पाहिलं आणि हर्षदला म्हणाली, "मी नाय बसणार त्या तव्यावर."

हर्षदने इकडेतिकडे बघितलं. कडेला माझी पांढरी गाडी उभी होती. सुमनचे यजमान तिच्यातून भांडी उतरवून नुकतेच मोकळे झाले होते.

"आपण मामांच्या गाडीतून जाऊ या," हर्षद म्हणाला. "त्या गाडीत मी लहानाचा मोठा झालोय."

रीत मोडली नव्हती. नवी सून माझ्याच गाडीतून येणार होती. मी फेटा सारखा केला, चावीसाठी हात पुढे केला आणि चालवायच्या जागेकडे निघालो.

हर्षदने हळूच माझा हात धरला. "मामा, ही मी चालवतो. तुमी शेठची आणा."

"मी? ती?"

"मग कोण आणणार? दुसऱ्या कुणाला ती येतच नाय."

तो चेष्टा करत होता की मान देत होता, मला अजून कळलेलं नाही. हर्षद पांढऱ्या गाडीत बसला. न बघता हात पुढे नेला आणि दिव्याचं बटण ओढलं. खट्. मी उभा होतो तिथपर्यंत ऐकू आलं. मानसी शेजारी बसली आणि माझी गाडी मला सोडून निघून गेली.

मी मागून. फुलांनी मढवलेल्या गाडीत एकटा, डोक्यावर फेटा, गळ्यात हार, अंगावर गरम हवा. कुंकू अजून पुसायचं नव्हतं, कारण नवरी घरात गेली नव्हती. काच खाली घ्यायचं बटण मात्र सापडलं. दारावरच होतं बिचारं, त्या गाडीतलं एकुलतं एक. बोईसरला रहदारीत अडकलो, काच खाली घेतली. शेजारी कारखान्यातून सुटलेला एक कामगार सायकल धरून उभा होता. त्याने फुलं बघितली, मला बघितलं, मागची रिकामी सीट बघितली.

"चाचा, शादी हुई? दुल्हन किधर है?"

मी पुढे बोट दाखवलं. "आगे वाली गाड़ी में. मेरा भांजा लेके जा रहा है."

तो माझ्या पांढऱ्या मिशांकडे बघत राहिला. मग त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाला, "जाने दो चाचा. इस उमर में ऐसा ही होता है."

मी त्याला खरं काय ते सांगणार होतो. पण पुढे माझी पांढरी गाडी वळणावर दिसेनाशी होत होती, आणि तिच्याकडे बघताना मला वाटलं, तो तरी काय चुकीचं बोलला?